नफा किती होईल ते नंतर, आधी किती बुडालं तर चालेल ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नऊ वर्षं नोकरी झाली. छोट्या कारखान्यांना यंत्रांच्या देखभालीची नोंद ठेवता येईल असं अ‍ॅप काढायचं डोक्यात आहे. चाळीस पानांचा आराखडा तयार आहे आणि त्यात पुढच्या पाच वर्षांच्या विक्रीचे आकडेही मांडलेत. यशस्वी उद्योजक नेमका विचार कसा करतात, त्यांच्यात असं काय असतं जे आपल्यात नाही, आणि नोकरी आत्ताच सोडावी का, हे तुम्हाला हवंय.

मी दोन धंदे काढले. पहिला बुडाला. दुसरा सतरा वर्षं चालवला आणि मग भागीदाराच्या हाती सोपवला. आता नव्याने धंद्यात उतरणाऱ्यांबरोबर बसतो, त्यांचे हिशेब बघतो, कधी कधी त्यांच्यासोबत त्यांच्या ग्राहकाकडेही जातो. खाली लिहिलेलं बरंचसं ठेचा खाऊन आलेलं आहे, थोडं इतरांच्या अभ्यासातून. चाळीस पानांबद्दल आधीच सांगून टाकतो: ती जपून ठेवा. दोन वर्षांनी वाचायला फार मजा येते.

उद्योजक म्हणजे जोखीम घेणारा माणूस, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. मला भेटलेल्या चांगल्या उद्योजकांपैकी बहुतेक जण जोखमीच्या बाबतीत चक्क चिक्कू होते. फ्रँक नाइट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1921 मध्येच एक फरक करून ठेवलाय, तो इथे उपयोगी पडतो. जोखीम म्हणजे जिची शक्यता मोजता येते ती. फासा टाकला तर सहा पडण्याची शक्यता किती, हे सांगता येतं, आणि विमा कंपन्या अशा मोजणीवरच चालतात. अनिश्चितता वेगळी. तिथे फाशाला बाजू किती हेच माहीत नसतं. नवा धंदा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. म्हणून तुमच्या आराखड्यातला 'तिसऱ्या वर्षी 1,200 ग्राहक' हा आकडा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो बरोबर की चूक हे आज कुणालाच, तुम्हालासुद्धा, सांगता येणार नाही, एवढंच म्हणतोय. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातला प्रकार.

मग अनुभवी लोक अशा धुक्यात चालतात कसे? सारस सरस्वती यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली याचाच अभ्यास केला. त्यांनी 27 मुरलेल्या उद्योजकांसमोर एक काल्पनिक उत्पादन ठेवलं आणि सांगितलं, यातून कंपनी उभी करायची आहे, विचार करताना मोठ्याने बोला. ते बोलणं ध्वनिमुद्रित करून त्यांनी शब्दशः तपासलं. यातून आलेली मांडणी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात शिकवतात ते असं: बाजार किती मोठा ते मोजा, त्यातला कुठला भाग आपला ते ठरवा, ध्येय पक्कं करा, मग साधनं गोळा करा. ही मुरलेली मंडळी बरोबर उलट्या टोकाकडून सुरुवात करत होती. माझ्याकडे आत्ता काय आहे? मला काय येतं? मी कुणाला ओळखतो? यातून उद्या काय करता येईल? बाजाराच्या पाहणीवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. उत्पादन उचलून कुणाला तरी विकायला घेऊन जाणं त्यांना जास्त खात्रीचं वाटायचं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बोलण्यात वारंवार येत होती, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची तीच आहे. 'यातून किती मिळेल' याआधी ते 'यात किती गेलं तर मला सोसेल' हे विचारत होते. फायद्याचा अंदाज परक्यांच्या वागण्यावर अवलंबून असतो. नुकसानीची मर्यादा मात्र आपल्या हातात असते आणि आज संध्याकाळी बसून काढता येते. पैसे किती, महिने किती, घरच्यांचा धीर किती, आणि नातेवाइकांकडे तोंड न लपवता जाता येईल इतपत अब्रू किती. हे चारही आकडे लिहा. चौथा बहुतेक जण लिहीत नाहीत आणि नंतर धंदा बंद करायची वेळ येते तेव्हा पाय तिथेच अडकतो.

नोकरी सोडण्याचा प्रश्न इथेच निम्मा सुटतो. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही हे खरं, पण कंबरभर पाण्यातही पडता येतं. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी अमेरिकेतल्या लोकांच्या बऱ्याच वर्षांच्या माहितीवरून 2014 मध्ये दाखवलं की नोकरी चालू ठेवून धंदा सुरू केलेले आणि नंतर पूर्णवेळ उतरलेले लोक, थेट नोकरी सोडून उतरलेल्यांपेक्षा टिकण्यात पुढे होते. त्यांचा धंदा बंद पडण्याचा धोका साधारण 33 टक्क्यांनी कमी होता. फिल नाइट यांनी 1964 मध्ये आपल्या प्रशिक्षकांबरोबर, दोघांनी प्रत्येकी 500 डॉलर घालून, बूट आणून विकायचा धंदा काढला. पुढे त्याची नायकी झाली, पण हा धंदा काढल्यावरही सुरुवातीची काही वर्षं ते हिशेबनिसाची नोकरी करत होते. 'माघारीचे दोर कापले' या गोष्टी ऐकायला थरारक असतात. ज्यांचे दोर कापल्यावर कडेलोट झाला ते सांगायला येत नाहीत, म्हणून आपल्याला त्या इतक्या ऐकू येतात.

अर्थात नोकरी ठेवण्याला एक किंमत आहेच. दिवसाचे उरलेले दोन तास आणि दमलेलं डोकं यावर अ‍ॅप लिहून होईल, पण कारखानदार रात्री दहाला भेटत नाही. म्हणून सांगतो, हाताशी असलेल्या सुट्ट्या अ‍ॅप लिहिण्यात घालवू नका. त्या ग्राहकाकडे जाऊन बसण्यात घालवा. का, ते माझ्या पहिल्या धंद्यावरून सांगतो.

तो धंदा दवाखान्यांसाठीच्या सॉफ्टवेअरचा होता. रुग्णांच्या वेळा, नोंदी, बिलं, सगळं एका पडद्यावर. आम्ही तिघांनी चौदा महिने खपून ते लिहिलं. त्या काळात बावीस डॉक्टरांना भेटलो. सगळे म्हणाले, छान आहे, असं काहीतरी हवंच होतं. तयार झाल्यावर चौघांनी घेतलं आणि तीन महिन्यांत त्यातल्या तिघांकडे ते बंद पडलं. चौथ्याकडे मी जाऊन बसलो. या वेळी डॉक्टरांच्या खोलीत नाही, बाहेर, स्वागतकक्षातल्या ताईंच्या शेजारच्या स्टुलावर. संगणक चालू होता, आमचं सॉफ्टवेअर उघडलेलं होतं, आणि कीबोर्डवर त्यांची जुनी वही पसरलेली होती.

'यात का नाही लिहीत?' मी विचारलं. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. काही नावं शाईने, काही पेन्सिलने. 'पेन्सिलवाले येतीलच असं नाही. त्यांच्या वेळेवर मी आणखी एकाला बोलावून ठेवते.' काही नावांपुढे एक ठिपका होता, काहींपुढे दोन. एक ठिपका म्हणजे तपासायला वेळ लागणारा. दोन म्हणजे बोलघेवडा, त्याला सकाळची शेवटची वेळ द्यायची नाही, नाहीतर डॉक्टरांचं जेवण लांबतं आणि दुपारभर सगळे चिडलेले असतात. अख्ख्या दवाखान्याचं वेळापत्रक त्या शाईत, पेन्सिलीत आणि ठिपक्यांत होतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एका वेळेला एकच नाव बसायचं, आणि सगळी नावं सारखी.

चौदा महिने आम्ही उंटावरून शेळ्या हाकत होतो. पैसे डॉक्टर देणार म्हणून डॉक्टरांना विचारलं. वापरणार होत्या ताई, त्यांना कुणी विचारलंच नाही. आणि डॉक्टरांनाही विचारलं ते काय, तर 'तुम्हाला हे आवडेल का?' समोर बसलेल्या उत्साही माणसाला नाही म्हणणं जिवावर येतं. 'छान आहे' हे वाक्य फुकट असतं आणि ते ऐकून आपण चौदा महिने खर्चतो.

तेव्हापासून मी भविष्याबद्दल प्रश्न विचारत नाही, झालेल्या गोष्टींबद्दल विचारतो. तुमच्या बाबतीत ते असे होतील. शेवटचं यंत्र कधी बंद पडलं? कोणतं? आधी कुणाला कळलं? मग कुणाला फोन केला? ते सुरू होईपर्यंत त्यावरची माणसं काय करत होती? त्याआधी तेलपाणी कधी झालं होतं, ते कुठे लिहिलंय, तो कागद जरा दाखवता का? या शेवटच्या प्रश्नावर खरी माहिती बाहेर येते. कागदच नसेल आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसेल, तर तो कारखाना तुमचा ग्राहक नाही, मालक कितीही छान म्हणाला तरी. पण एखाद्या देखभाल पर्यवेक्षकाने स्वतःच्या डोक्याने एक्सेलची फाइल बनवली असेल, लाल-हिरवे रंग भरले असतील, दर सोमवारी ती छापून भिंतीला लावत असेल, तर त्याच्याकडे खुर्ची ओढून बसा. त्याला ही गोष्ट इतकी खुपते की साहेबांनी न सांगता त्याने त्यावर मेहनत केली आहे.

आणि मग पैसे मागा. अ‍ॅप नसताना. 'तीन महिने तुमच्या दहा यंत्रांची नोंद मी स्वतः ठेवतो, तारखेच्या आधी आठवण करतो, एवढे पैसे होतील.' लाज वाटते, माहीत आहे. पण पैसे मागेपर्यंत मिळालेलं प्रत्येक उत्तर सौजन्यापोटी दिलेलं असतं.

हे हाताने करून बघणं कमीपणाचं वाटू देऊ नका. निक स्विनमर्न यांना 1999 मध्ये इंटरनेटवर बूट विकायचे होते. लोक पायात न घालता बूट विकत घेतील का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी गोदाम घेतलं नाही. बुटांच्या दुकानात जाऊन फोटो काढले, ते संकेतस्थळावर टाकले, मागणी आली की दुकानातून तो जोड पूर्ण किमतीला विकत घेऊन टपालाने पाठवला. प्रत्येक विक्रीत नुकसानच होत असणार, पण त्या नुकसानीत त्यांना एका प्रश्नाचं पक्कं उत्तर मिळालं. ती झॅपोस, जी 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतली. त्याच 1999 साली घरपोच किराणा देणाऱ्या वेबव्हॅनने एका शहराच्या परिसरात जूनमध्ये सेवा सुरू केली, आणि लगेच पुढच्या महिन्यात 26 शहरांसाठी यांत्रिक गोदामं बांधायचा सुमारे 1 अब्ज डॉलरचा करार केला. जुलै 2001 मध्ये दिवाळखोरी. वेबव्हॅनची कल्पना वाईट नव्हती. घरपोच किराणा आज जगभर चालतो. एका गोदामाचं गणित जमतंय का, हे कळण्याआधी बाकीच्यांचा करार झाला, ही त्यातली गोम. एकाच जागी घाट्यात चाललेली गोष्ट सव्वीस जागी केली की घाटा सव्वीस पट होतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. पण हाताशी पैसा मुबलक असला की हा हिशेब कुणी करत नाही, हेही मी पाहिलंय.

आता जरा वेगळं. आपण एक विकायला जावं आणि लोकांनी भलतंच उचलावं, हे धंद्यात सारखं होतं. होंडाची माणसं 1959 मध्ये लॉस एंजलिसला गेली ती मोठ्या मोटारसायकली विकायला. तिथले लोक लांबवर आणि वेगात चालवणारे, त्यामुळे गाड्यांचं तेल गळायला लागलं, क्लच निकामी झाले. विक्री ठप्प. दरम्यान कंपनीची माणसं स्वतःच्या कामांसाठी 50 सीसीच्या छोट्या सुपर कबवरून फिरत होती, आणि लोक थांबवून विचारत होते, ही कुठे मिळते? तरी त्यांनी ती लगेच विकायला काढली नाही. मोठ्या गाड्यांच्या बाजारात आपलं हसं होईल, ही भीती. मोठ्या गाड्या बिघडल्यावर दुसरा इलाजच राहिला नाही, तेव्हा कब पुढे आली आणि तिनेच तो बाजार उघडला. केनियातल्या एम-पेसाचंही असंच. 2005 मधली चाचणी होती छोट्या कर्जांचे हप्ते फोनवरून भरण्याची. लोकांनी त्यावरून एकमेकांना पैसे पाठवायला सुरुवात केली. 2007 मध्ये सेवा सर्वांसाठी खुली झाली ती पैसे पाठवायची म्हणूनच.

दोन्हीकडे उत्तर समोर चालत आलं होतं. फरक एवढाच की ते आपल्या आराखड्यात नव्हतं, आणि आराखड्यात नसलेलं दिसायला डोळ्यांना सवय लागते. मला ती दुसऱ्या धंद्यात लागली, तीही उशिरा.

दुसरा धंदा मोजमापाची उपकरणं तपासून प्रमाणपत्र देण्याचा, म्हणजे कॅलिब्रेशनचा. व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्रेशर गेज, तापमापक. आमची समजूत अशी की ग्राहक आमच्याकडून अचूकपणा विकत घेतो. म्हणून आम्ही आमच्या खोलीचं तापमान 20 अंशांवर किती काटेकोर ठेवतो, हे सगळ्यांना सांगत सुटायचो. एकदा एका गुणवत्ता विभागाच्या प्रमुखाला फोन करून मी असंच ऐकवत होतो. तो मध्येच म्हणाला, 'साहेब, ते राहू द्या. माझा मायक्रोमीटर परत कधी येतोय ते सांगा. आठ दिवस लेथवरचा माणूस शेजाऱ्याचा मागून काम करतोय.' मी जुन्या तक्रारींची फाइल काढून बघितली. अचूकपणाबद्दल वर्षभरात एकही तक्रार नव्हती. बाकी सगळ्या 'कधी मिळणार' याबद्दल, आणि ऑडिट उद्यावर आलं तरी प्रमाणपत्र फाइलला लागलेलं नाही याबद्दल.

मग आम्ही धंदा फिरवला. प्रेशर गेज, तापमापक असं जे जागेवर तपासता येतं ते ग्राहकाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी त्याच्याच कारखान्यात जाऊन तपासायचं. मायक्रोमीटरसारखं जे आमच्या खोलीत आणणं भागच, त्याच्या बदल्यात आमचा तपासलेला मायक्रोमीटर ठेवून यायचं. तारखा आम्ही सांभाळायच्या, ऑडिटच्या आठवडाभर आधी फाइल लावून द्यायची. तपासणी तीच, यंत्रणा तीच. पण आता आम्ही काम न अडण्याची आणि ऑडिटच्या आदल्या रात्री शांत झोपेची विक्री करत होतो, आणि त्याचे दर जास्त लावले तरी कुणी घासाघीस करत नव्हतं. तुमचा ग्राहकही देखभालीची नोंद विकत घेणार नाहीये, एवढं आत्ताच लक्षात घ्या. तो काय विकत घेईल ते तुम्हाला त्या पर्यवेक्षकाच्या भिंतीवर कळेल.

चिकाटीबद्दलही विचारलंय तुम्ही. जेम्स डायसन यांचा दाखला सगळे देतात: पिशवी नसलेल्या व्हॅक्यूम क्लीनरचा 5,127वा नमुना चालला. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस भिंतीवर 5,126 वेळा डोकं आपटत राहिला. तसं नव्हतं. ते एका वेळी एकच बदल करायचे आणि त्याचा परिणाम बघायचे. म्हणजे तितके प्रश्न विचारले आणि तितकी उत्तरं घेतली. दर वेळी काहीतरी नवं कळत असेल तर ती चिकाटी. गेल्या महिन्यात कळलं तेच या महिन्यातही कळत असेल तर तो हट्ट. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय त्या वर्षांत त्यांच्या पत्नीच्या चित्रकला शिकवण्याच्या कमाईचा घराला आधार होता आणि डोक्यावर मोठं कर्ज होतं. कर्जाच्या बाबतीत त्यांचा कित्ता गिरवू नका, असं मी तरी सांगेन.

आता पैसा. इथे मी रेंगाळणार आहे, कारण तुमच्या चाळीस पानांत 'नफा' हा शब्द भरपूर आहे आणि 'उधारी' एकदाही नाही.

समजा महिन्याची विक्री 100. ती करण्यासाठी खर्च 80, आणि तो त्याच महिन्यात रोख द्यावा लागतो, कारण पगार आणि भाडं थांबत नाही. नफा 20. ग्राहक पैसे देतो तीन महिन्यांनी. म्हणजे कोणत्याही क्षणी तुमचे तीन महिन्यांचे खर्च, 240, बाजारात अडकलेले असतात. हे झालं खेळतं भांडवल, नावाला खेळतं, प्रत्यक्षात बसलेलं. आता आनंदाची बातमी येते, विक्री दुप्पट झाली. खर्च 160, अडकलेली रक्कम 480. जादा 240 कुठून आणणार? जुन्या नफ्याने महिन्याला 20 साठवले तर बरोबर बारा महिने लागतात. वर्षभराचा नफा एका वाढीने गिळला, आणि वहीत तुम्ही फायद्यात.

आमच्याकडे चौथ्या वर्षी अशीच एक ऑर्डर आली. तोवरच्या सगळ्या ग्राहकांना मिळून जेवढं काम होतं तेवढं एकट्या कंपनीचं. पेढे वाटायचेच बाकी होते. चार माणसं घेतली, दोन नवी उपकरणं उसनवारीवर घेतली. कबूल केलेले नव्वद दिवस एकशे चाळीस झाले, कारण त्यांच्या लेखा विभागात आमच्या बिलावर एक सही राहिली होती आणि सही करणारा रजेवर होता. त्या दोन महिन्यांत मी आणि भागीदाराने पगार घेतला नाही, आणि एका पगाराची रक्कम मी पदरमोड करून भरली. नाकापेक्षा मोती जड. ऑर्डर नफ्याचीच होती, आणि तिने आम्हाला बुडवलंच होतं.

म्हणून पैशाची दिशा आणि वेळ ही धंद्याच्या रचनेतच बसवायची गोष्ट आहे, हिशेबनिसावर सोडायची नाही. मायकेल डेल यांनी 1984 मध्ये विद्यार्थी असताना 1,000 डॉलरवर सुरू केलेली कंपनी पुढे प्रचंड वाढली, त्यात एक मोठा भाग याचा होता की ग्राहकाचे पैसे आधी यायचे, संगणक मागणीनंतर जुळवला जायचा आणि सुट्या भागांच्या पुरवठादारांना नंतर दिले जायचे. तिथे विक्री वाढली की हातातला पैसा वाढायचा. आमच्या उलट. तुम्ही वर्षाची वर्गणी आगाऊ घ्या, हवी तर सूट द्या. महिन्याच्या महिन्याला बिल पाठवून वसुली करत बसाल तर अ‍ॅपचा धंदा राहील बाजूला आणि फोन करण्याचा धंदा होईल. आणि दर शनिवारी एका कागदावर तीन आकडे लिहा: बँकेत किती, पुढच्या आठ आठवड्यांत नक्की किती जाणार, नक्की किती येणार. 'नक्की' म्हणजे बिल पाठवलंय ते नव्हे. समोरच्याच्या हिशेबनिसाने तारीख सांगितली आहे ते.

भागीदाराबद्दल थोडक्यात, कारण प्रश्नात एका मित्राचा उल्लेख आहे. कोण काय करणार, कुणाचा हिस्सा किती आणि कुणी मध्येच सोडलं तर काय, हे मैत्री उत्तम असताना लिहून घ्या. नव्या कंपन्यांमध्ये साधारण रिवाज असा की हिस्सा चार वर्षांत हळूहळू नावावर होतो आणि पहिल्या वर्षाआधी सोडणाऱ्याला काही मिळत नाही. पहिल्या धंद्यातला आमचा तिसरा भागीदार मध्येच परदेशी गेला, एकतृतीयांश मालकीसह. त्याचा दोष नाही, कागदच नव्हता.

वयाची काळजी मात्र सोडा. अमेरिकेतल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांवर पिएर अझुले आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2020 मध्ये छापून आला. सगळ्यात वेगाने वाढलेल्या, हजारात एक म्हणाव्या अशा कंपन्यांचे संस्थापक सुरुवातीला सरासरी 45 वर्षांचे होते. आणि त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांचं पारडं जड होतं. तुमची नऊ वर्षं देखभालीच्या कामातच गेली आहेत, आणि आराखड्यात त्याला तुम्ही अर्धी ओळ दिलीय. तुमच्याकडे आत्ता काय आहे, या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर तेच आहे.

राहता राहिलं बुडण्याचं. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत साधारण पाचातला एक नवा धंदा पहिल्याच वर्षी बंद होतो आणि पाच वर्षांत जवळजवळ निम्मे. सगळेच दिवाळखोरीत जात नाहीत, काही जण शहाणपणाने आवरतात. आम्ही नाही आवरलं. त्या ताईंची वही बघितल्यावर मला घरी जातानाच कळलं होतं की हे जमत नाहीये. तरी अकरा महिने ओढलं. 'इतकं केलंय तर' या तीन शब्दांवर. पहिल्या चौदा महिन्यांपेक्षा या अकरा महिन्यांनी जास्त पैसे खाल्ले.

म्हणून दुसऱ्या वेळी सुरुवातीलाच मी आणि भागीदाराने एक कागद लिहून तिसऱ्याच माणसाकडे ठेवायला दिला. बारा महिन्यांत सहा ग्राहक दुसऱ्यांदा काम घेऊन आले नाहीत तर बंद करायचं. डोकं थंड असताना लिहिलेलं, म्हणून पाळता येईल असं वाटलं होतं. तुम्हीही तुमचा असा कागद लिहा, तारीख घाला, आणि बायकोकडे किंवा मित्राकडे नका देऊ, जरा कडक माणसाकडे द्या. अकराव्या महिन्याअखेर आमचे पाच झाले होते. सहावा बाराव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आला, पिशवीत चार प्रेशर गेज घेऊन. तो नसता आला तर खरंच बंद केलं असतं का, यावर माझं आणि भागीदाराचं अजून एकमत झालेलं नाही.